माहितीशास्त्राच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या अभियंत्यास

1956 हे साल आपल्या विषयाच्या इतिहासात दोन कारणांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात क्लॉड शॅनन यांनी, म्हणजे 1948 साली प्रसिद्ध झालेल्या ज्यांच्या दीर्घ निबंधाने इन्फर्मेशन थिअरी या शास्त्राचा पाया घातला त्याच गृहस्थांनी, त्या शास्त्राच्या नियतकालिकात जेमतेम पानभर मजकूर लिहून आपल्या अनुयायांची कानउघाडणी केली. मानसशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत जिथे तिथे या सिद्धांताचे नाव घेण्याची जी टूम निघाली आहे तिने शास्त्राचे भले होणार नाही, आणि ज्यांना खरोखर काही करून दाखवायचे असेल त्यांनी आधी आपल्या घरचे गणित चोख ठेवावे, असा त्या मजकुराचा मथितार्थ होता. त्याच वर्षी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून थॉमस कैलाथ नावाचा एक तरुण दूरसंचार शाखेची बी. ई. ही पदवी घेऊन बाहेर पडला. या दोन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध काहीच नव्हता; परंतु पुढील चार दशकांत त्या तरुणाने जी कारकीर्द घडवली ती शॅनन यांच्या उपदेशाचे प्रात्यक्षिक म्हणून वाचता येते, आणि इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी हाती पडल्यावर सिग्नल प्रोसेसिंग व इन्फर्मेशन थिअरी या जोडशास्त्रांत संशोधन करण्याचा ज्यांचा मनसुबा आहे अशा मुलामुलींना चार गोष्टी सांगायच्या तर त्या कारकिर्दीपासूनच आरंभ करणे मला सोयीचे वाटते.

कैलाथ यांचे घराणे मूळचे केरळातले, पण जन्म 1935 सालचा, पुण्यातला, आणि शालेय शिक्षणही तेथल्याच सेंट व्हिन्सेंट्स शाळेत झालेले. पदवीनंतर ते अमेरिकेत एम. आय. टी. या संस्थेत दाखल झाले, 1959 मध्ये त्यांनी मास्टर्स व 1961 मध्ये डॉक्टरेट संपादन केली, आणि 1963 पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापनाला जे रुजू झाले ते कायमचेच. आरंभीच्या वर्षांत त्यांचा विषय संदेशवहनाचा होता: ग्राहकाकडून प्रेषकाकडे परतीची वाट उपलब्ध असेल तर किती सोप्या युक्तीने वाहिनीची कमाल क्षमता गाठता येते, हे त्यांनी 1966 मध्ये आपल्या एका विद्यार्थ्यासमवेत दाखवून दिले. पुढे गोंगाटात बुडालेल्या संकेताचा उत्तम अंदाज कसा बांधावा या प्रश्नाकडे ते वळले. सत्तरच्या दशकात नियंत्रणशास्त्र आणि रेषीय प्रणाली, आणि त्यानंतर अनेक अँटेनांच्या रांगेवर येणाऱ्या लहरींवरून त्या कोणत्या दिशेने आल्या हे काढण्याच्या पद्धती, असा हा प्रवास चालू राहिला. नव्वदच्या दशकात तर त्यांनी सेमीकंडक्टरच्या कारखानदारीतच हात घातला. ज्या प्रकाशाने चिपवर आकृती उमटवायची त्याच्या तरंगलांबीहून बारीक रेषा उमटवण्याची वेळ आली, तेव्हा प्रकाशामुळे आकृती जशी बिघडणार आहे त्याचा हिशेब आधीच करून मूळ साचाच उलट अंगाने दुरुस्त करून ठेवावा, हा तो उपाय. आणि जरा थांबून विचार केला तर ध्यानात येते की, बिघडून येणारा संकेत पूर्ववत करणे हा तर दूरसंचाराचा नित्याचाच धंदा आहे.

दर दहा-बारा वर्षांनी विषय बदलणारा मनुष्य आपल्याकडे सहसा अस्थिरचित्त ठरतो. परंतु कैलाथ यांच्या निबंधांची यादी जो सलग वाचील त्याला आढळेल की, बदलत गेला तो प्रश्नाचा पत्ता. हातातली सामग्री तीच राहिली, आणि ती सामग्री म्हणजे संभाव्यता, यादृच्छिक प्रक्रिया व मॅट्रिक्सचे बीजगणित. उदाहरणादाखल एक गोष्ट पाहा. काळानुसार स्वभाव न पालटणाऱ्या यादृच्छिक संकेताचा अंदाज बांधताना जी मॅट्रिक्स समोर येते तिच्या प्रत्येक कर्णरेषेवर एकच संख्या पुन्हा पुन्हा येत असते. या रचनेकडे कानाडोळा करून समीकरणे सोडवली तर अज्ञातांच्या संख्येच्या घनाइतके श्रम पडतात. ती रचना ओळखून सोडवली तर वर्गाइतक्यातच भागते. हजार अज्ञातांच्या हिशेबात हा फरक हजारपटीच्या घरात जातो. अशी रचना किंचित मोडलेली असली तरी तिचा फायदा कसा उठवावा, हे कैलाथ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1979 च्या सुमारास पद्धतशीर मांडले, आणि तेच तंत्र पुढे वेगवेगळ्या शाखांत कामी आले. तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे की, संशोधनात पडू इच्छिणाऱ्याने विषयाची निवड करण्याआधी हत्यारांची निवड करावी, आणि विषयाच्या निवडीत जेवढा वेळ घालवायचा त्याच्या अनेकपट वेळ हत्यारांना धार लावण्यात घालवावा.

ही सामग्री जमा करण्याची उत्तम वेळ म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून पीएच. डी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंतची चार-पाच वर्षे. आपल्या विद्यापीठांतून संभाव्यता हा विषय गणिताच्या एखाद्या पेपरात दोन प्रकरणांपुरता उरकला जातो आणि रेषीय बीजगणित म्हणजे तीन-बाय-तीनच्या मॅट्रिक्सचा व्यस्त काढणे अशी बहुतेकांची समजूत होऊन बसते. तिचा निचरा करण्यास उपाय एकच, आणि तो म्हणजे एकेक ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, उदाहरणे सोडवीत, वाचणे. संभाव्यतेसाठी पापुलिस, संकेतांच्या अंकीय प्रक्रियेसाठी ओपनहाइम व शाफर, माहितीच्या सिद्धांतासाठी कव्हर व थॉमस, ही नावे आजही जुनी झालेली नाहीत. डेव्हिड मॅके यांचा 2003 चा ग्रंथ तर त्यांनी स्वतःच इंटरनेटवर विनामूल्य वाचण्यास ठेवला, आणि आय. आय. टी.च्या अध्यापकांची एन. पी. टी. ई. एल.वरील व्याख्याने कोणत्याही तालुक्याच्या गावी बसून ऐकता येतात. त्यामुळे साधनांच्या अभावाची सबब आता फारशी चालण्यासारखी नाही. मात्र व्याख्यान ऐकणे व उदाहरण सोडवणे यांतले अंतर विसरू नये. ऐकताना सर्वच समजल्यासारखे वाटते, आणि कोरा कागद समोर आला की समजलेले नेमके किती होते ते उघडकीस येते.

आकडेमोडीचीही सवय हवी. शॅनन यांचे प्रसिद्ध सूत्र सर्वांना पाठ असते, पण त्यात संख्या घालून पाहणारे थोडे. तीन हजार हर्ट्झ रुंदीची जुनी टेलिफोनची तार घ्या, आणि तीत संकेताची शक्ती गोंगाटाच्या हजारपट आहे असे धरा. एक हजार एकचा दोनच्या पायावरील लॉगॅरिथम सुमारे 9.97 येतो; त्याला तीन हजारांनी गुणले की सेकंदाला सुमारे 29,900 बिट ही मर्यादा हाती येते. आता ही मर्यादा रुंदी न वाढवता दुप्पट करायची झाली तर संकेताची शक्ती किती वाढवावी लागेल? दुप्पट नाही, दसपटही नाही; हजारपट. ज्याने हा हिशेब एकदा स्वतः करून पाहिला त्याला रुंदी आणि शक्ती या दोन भांडवलांतले कोणते महाग व कोणते स्वस्त हे निराळे शिकवावे लागत नाही, आणि दूरसंचारातील कंपन्या सरकारी लिलावात स्पेक्ट्रमसाठी एवढ्या मोठ्या रकमा का मोजतात याचाही बऱ्याच अंशी उलगडा होतो.

दुसरे उदाहरण रिचर्ड हॅमिंग यांचे. बेल प्रयोगशाळेतील रिलेंच्या यंत्रावर शनिवार-रविवारी, कोणी देखरेखीला नसताना, त्यांची गणिते चालत असत. यंत्राला चूक आढळली की ते चालू काम सोडून देऊन पुढच्याच्या कामाला लागे, आणि सोमवारी येऊन पाहावे तो हॅमिंग यांच्या हाती काहीच नसे. यंत्राला चूक झाली हे जर कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, या वैतागातून उपजलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी 1950 मध्ये प्रसिद्ध केले. ते कागदावर करून पाहण्यास एक संध्याकाळ पुरते. सात घरे आखा. तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या व सातव्या घरांत पाठवायचे चार अंक भरा. ते 1, 0, 1, 1 आहेत असे समजू. पहिले, दुसरे व चौथे घर पहाऱ्यासाठी राखून ठेवा. 1, 3, 5, 7 या घरांतील एकांची संख्या सम यावी असा अंक पहिल्या घरात, 2, 3, 6, 7 यांची सम यावी असा दुसऱ्यात, आणि 4, 5, 6, 7 यांची सम यावी असा चौथ्यात ठेवला, की 0110011 असा संदेश तयार होतो. आता वाटेत पाचव्या घरातला अंक उलटला आणि 0110111 असे पोचले, तर पहिली तपासणी फसते, दुसरी जमते, तिसरी फसते. फसलेल्या तपासण्यांच्या पहारेकऱ्यांचे क्रमांक एक आणि चार, त्यांची बेरीज पाच, आणि चूक पाचव्याच घरात! हे पाहून ज्याच्या मनात, मग दोन चुका झाल्या तर काय, सातऐवजी पंधरा घरे घेतली तर किती अंक पाठवता येतील, असे प्रश्न आपोआप उठू लागतात त्याने या वाटेला खुशाल लागावे. ज्याला ही केवळ गंमत वाटून तो पुढच्या गोष्टीकडे वळतो त्याला अभियांत्रिकीत इतर उत्तम व्यवसाय पुष्कळ आहेत, आणि त्यांत कमीपणा कसलाही नाही.

प्रश्न कसा निवडावा हे सांगणे मात्र हत्यारांविषयी सांगण्याइतके सोपे नाही. याच हॅमिंग यांनी 1986 मध्ये दिलेले एक व्याख्यान संशोधकांत फार प्रसिद्ध आहे. त्यात ते सांगतात की, प्रयोगशाळेच्या भोजनगृहात ते रसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर जाऊन बसत, तुमच्या शास्त्रातले महत्त्वाचे प्रश्न कोणते अशी विचारणा करीत, काही दिवसांनी तुम्ही सध्या कशावर काम करता असे विचारीत, आणि शेवटी, ही दोन उत्तरे जुळत का नाहीत, असा तिसरा प्रश्न टाकीत. त्यानंतर त्या टेबलावर त्यांचे स्वागत होईनासे झाले, यात नवल नाही. तरी हा तिसरा प्रश्न वर्षातून एकदा प्रत्येकाने स्वतःला विचारावा. दुसऱ्याला विचारू नये, निदान जेवताना तरी.

आजच्या विद्यार्थ्यापुढे महत्त्वाचे आणि चलतीचे यांचा घोटाळा विशेष मोठा आहे, कारण यंत्रशिक्षणाच्या लाटेने सिग्नल प्रोसेसिंगच्या परिषदाच्या परिषदा व्यापून टाकल्या आहेत. ते तंत्र शिकू नये असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. ध्वनीची ओळख, प्रतिमांचे विश्लेषण, भाषांतर अशा कामांत त्याने जे साधले आहे ते जुन्या पद्धतींना साधले नव्हते हे प्रांजळपणे मान्य करावे लागते; आणि मराठीसारख्या भाषेतील बोली ओळखणारी यंत्रे घडवायची तर त्यावाचून तरणोपाय नाही. पण दुसऱ्याने केलेले न्यूरल नेटवर्कचे जाळे उचलून, तिसऱ्याने जमवलेल्या नमुन्यांवर चालवून, यशाचा आकडा अर्ध्या टक्क्याने वाढवून दाखवणारा जो निबंध आज शेकड्यांनी निघतो, त्याचे आयुष्य पुढल्या परिषदेपर्यंतचे असते. हा रोगही नवा नव्हे. शॅनन यांनी जेथे कानउघाडणी केली त्याच नियतकालिकाच्या संपादकीयात 1958 मध्ये पीटर इलायस यांनी दोन 'प्रसिद्ध' निबंधांची थट्टा उडवली होती. त्यांपैकी एकाचे काल्पनिक शीर्षक माहितीसिद्धांत, प्रकाशसंश्लेषण आणि धर्म यांची एकत्र मोट बांधणारे होते, आणि असे निबंध लिहिणे आता पुरे झाले असा त्यांचा सल्ला होता. यंत्रशिक्षण अवश्य शिकावे, पण एखादे जाळे का चालते, किती नमुन्यांत चालते, आणि कोठे हमखास फसते, अशा प्रश्नांच्या अंगाने शिकावे. कारण तेथेच संभाव्यतेचे आणि मॅट्रिक्सचे जुने भांडवल पुन्हा कामास येते.

जो प्रश्न महत्त्वाचा आणि तरीही बिनचलतीचा असतो त्याला धरून बसण्याची किंमत काय पडते, हे पाहण्यासाठी रॉबर्ट गॅलेगर व एर्दाल आरिकान या गुरुशिष्यांची हकीगत वाचावी. गॅलेगर यांनी 1960 मध्ये आपल्या एम. आय. टी.तील प्रबंधात दोषदुरुस्तीच्या कोडचा एक नवा प्रकार मांडला. त्या काळच्या यंत्रांच्या कुवतीबाहेरचा म्हणून तो बाजूस पडला, आणि जवळजवळ पस्तीस वर्षे त्याची कोणी फारशी विचारपूस केली नाही. 1993 मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी टर्बो कोड दाखवून शॅननच्या मर्यादेच्या निकट जाता येते हे सिद्ध केल्यावर लोकांनी जुनी दप्तरे पुन्हा चाळली, आणि गॅलेगर यांचा कोड पुन्हा उजेडात आला. इकडे आरिकान यांनी गॅलेगर यांच्याच हाताखाली 1985 मध्ये पीएच. डी. केली, मायदेशी तुर्कस्तानात परत जाऊन अंकाराच्या बिल्केंट विद्यापीठात नोकरी धरली, आणि विद्यार्थिदशेतच मनात घर करून बसलेल्या एका प्रश्नाची पाठ ते दोन दशके सोडीनात. 2009 च्या जुलैमध्ये त्यांचा पोलर कोडवरील निबंध प्रसिद्ध झाला. वाहिन्यांच्या एका मोठ्या वर्गासाठी, रचना स्पष्ट सांगता येईल व हिशेब बेताचा राहील अशा रीतीने शॅननची मर्यादा गाठता येते, याची ती पहिली सिद्धता होती. 2016 मध्ये पाचव्या पिढीच्या मोबाइलची मानके ठरत होती तेव्हा माहितीच्या वाहिन्यांसाठी गुरूचा कोड मुक्रर झाला आणि नियंत्रणाच्या वाहिन्यांसाठी शिष्याचा. वाचकाच्या खिशात 5जीचा फोन असेल तर या दोघांचे काम आज त्यात शेजारी शेजारी चालू आहे.

अर्थात वीस वर्षे एकाच प्रश्नाला वाहून घ्या, असा सल्ला पंचविशीतल्या, घरी म्हातारे आईबाप असलेल्या तरुणाला देणे बेजबाबदारपणाचे होईल. आरिकान यांच्याजवळ कायम नोकरी होती. व्यवहार्य तजवीज अशी करावी की, एक मोठा प्रश्न मनाच्या पाठीमागे कायम ठेवावा आणि हाती नेहमी एखादा लहान, वर्ष-दीड वर्षात तडीस जाईल असा प्रश्न असावा. लहान प्रश्नावर पदवी, शिष्यवृत्ती व नोकरी चालते, आणि मोठ्या प्रश्नाची खबर रविवारी घ्यावी. दोन्ही प्रश्नांना लागणारी हत्यारे सारखीच असतील अशी निवड जमली तर सोन्याहून पिवळे.

आता व्यवहाराकडे. आपल्याकडे या वाटेचा सदर दरवाजा म्हणजे गेटची परीक्षा, तीतही मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्स व कम्युनिकेशनचा पेपर. तिचा गुणांक निकालापासून तीन वर्षे चालतो. एम. टेक. करून मग पीएच. डी., किंवा बी. टेक.नंतर थेट पीएच. डी., अशा दोन्ही वाटा मुंबई, मद्रास, कानपूर येथील आय. आय. टी.त व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत खुल्या आहेत. ज्याचे गणित कच्चे आहे असे त्याचे त्यालाच जाणवते त्याने एम. टेक.ची दोन वर्षे घ्यावी, ती वाया जात नाहीत. केंद्र सरकारच्या संशोधनवृत्तीची रक्कम 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 व त्यापुढे 42,000 रुपये आहे, वर घरभाडे निराळे. सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्या वर्गमित्राच्या पगाराशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही, पण एकट्याचा संसार तीत नेटका होतो. घरी पैसे पाठवणे ज्याला भाग आहे त्याने आधी दोन-तीन वर्षे एखाद्या चिपच्या किंवा दूरसंचाराच्या कंपनीत काढून मग यावे. कंपनीतील खऱ्या संकेतांशी झटापट केलेले विद्यार्थी पुष्कळदा प्रश्न अधिक नेमके विचारतात, असा माझा तरी ग्रह आहे.

संस्थेपेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. तो किती प्रसिद्ध आहे यापेक्षा त्याचे अलीकडचे विद्यार्थी किती मुदतीत बाहेर पडले, त्यांच्या निबंधांत त्यांचे स्वतःचे काही आहे की नाही, आणि तो आठवड्यातून एकदा तरी फळ्यासमोर त्यांच्याबरोबर उभा राहतो काय, याची चौकशी त्याच्या विद्यार्थ्यांपाशीच खाजगीत करावी. आय. आय. टी. आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या संयुक्त मंडळातर्फे इन्फर्मेशन थिअरीची उन्हाळी शाळा भरते. नॅशनल कॉन्फरन्स ऑन कम्युनिकेशन्स दरवर्षी होते, आणि बंगळूरला सिग्नल प्रोसेसिंगची परिषद साधारणतः वर्षाआड भरते. पहिल्या वर्षी तेथे निबंध नसला तरी श्रोता म्हणून जावे आणि चहाच्या वेळी घोळक्याच्या कडेला न उभे राहता एखाद्याला गाठून त्याच्या निबंधातले न समजलेले पाऊल विचारावे. बहुतेक सगळे आनंदाने सांगतात.

जे पुण्याच्या आसपास राहतात त्यांनी, कोणत्याही परिषदेच्या आधी, जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण पाहून यावे. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या सुमारास, ती लोकांना पाहण्यास खुली असते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, त्यांतल्या चौदा मध्यभागी एकवटलेल्या आणि उरलेल्या तीन भुजांवर पंचवीस किलोमीटरांच्या परिसरात विखुरलेल्या. तीसांतून दोन-दोन निवडले तर 435 जोड्या होतात, आणि या प्रत्येक जोडीच्या संकेतांचा परस्पराशी सतत गुणाकार चालू असतो. आकाशातून येणारा संकेत अतोनात क्षीण. त्यावर कुरघोडी करायला मोबाइलचे मनोरे, विजेच्या तारा आणि मोटारींच्या ठिणग्या हजर. पुस्तकात ज्याला गोंगाट म्हणून एका अक्षराने दाखवतात तो येथे नारायणगावच्या बाजूने प्रत्यक्ष चालून येतो, आणि तो ओळखून वगळण्याची व्यवस्था तेथील अभियंत्यांनी संगणकांत बसवलेली आहे. अँटेनांच्या रांगेचे हेच गणित पाण्याखाली सोनारमध्येही चालते. आरोग्यस्वामी पॉलराज यांनी भारतीय नौदलासाठी सोनार घडवण्यात उमेदीची वर्षे घालवली आणि मग स्टॅनफर्डला जाऊन, कैलाथ यांच्याबरोबर, अनेक अँटेनांनी एकाच पट्ट्यात अनेक प्रवाह पाठवण्याच्या कल्पनेचे पेटंट 1994 मध्ये मिळवले. आजचे वाय-फाय व मोबाइल त्या कल्पनेवाचून चालत नाहीत. समुद्रातून हवेत येताना त्यांना गणित नवे शिकावे लागले नाही.

रोजच्या कामाविषयी थोडे. एक बांधीव वही ठेवावी, तीत तारीख घालून प्रत्येक दिवसाचा हिशेब लिहावा, फसलेला प्रयत्नही खोडू नये. सहा महिन्यांनी परीक्षकाचा आक्षेप येतो तेव्हा ही रोजकीर्दच वकिलाचे काम करते. निबंध वाचताना मुख्य प्रमेय वाचून पुस्तक मिटावे आणि सिद्धता स्वतः करून पाहावी. अडले तरच पुढची ओळ उघडावी. संगणकावरील अनुकरणावर, म्हणजे सिम्युलेशनवर, हाताने सोडवता येईल अशा लहान उदाहरणावर ते आधी तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये, कारण पायथॉनमधला एक चुकलेला निर्देशांक फार देखणा आलेख काढू शकतो. आपली पद्धत चालते हे दाखवण्यासाठी जे नमुने वापरले त्यांवरच ती घडवली नाही ना, याची खातरजमा दुसऱ्याकडून करून घ्यावी. आणि लिहिताना इंग्रजीची धास्ती बाळगू नये. आधी मराठीत, पाटीवर समजावून सांगितल्यासारखे, स्वतःशी लिहून काढावे, म्हणजे कोणते पाऊल आपल्यालाच कळलेले नाही ते तत्काळ कळते, आणि मग इंग्रजी करणे ही केवळ मेहनतीची बाब उरते.

निबंध परत येतात. चांगल्या नियतकालिकाचा निकाल यायला सहा महिने ते वर्ष लागते, आणि तीन परीक्षकांपैकी एकाने निबंध वाचलेलाच नाही असे वाटण्याची पाळी प्रत्येकावर येते. उत्तर त्याच दिवशी लिहू नये. आठवड्याने पत्र पुन्हा वाचावे. परीक्षकाला जे कळले नाही ते बहुतेक वेळा आपण लिहिलेच नव्हते, असे निष्पन्न होते.

आता मार्गदर्शकाला पहिले पत्र कसे लिहावे तेवढे सांगायचे राहिले. गुणपत्रके, प्रमाणपत्रे आणि आपल्या तळमळीचे वर्णन यांनी भरलेली पत्रे अध्यापकांना रोज येतात व तशीच पडून राहतात. त्यांचा अलीकडचा एक निबंध निवडावा, त्यातील एक निष्कर्ष लहानशा उदाहरणावर स्वतः पडताळून पाहावा, आणि एका पानात लिहावे की, इथवर माझा हिशेब आपल्याशी जुळला, या पायरीवर मात्र मला अमुक शंका आहे. सोबत हिशेबाचे हस्तलिखित पान जोडावे. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण द्यावी; तरीही न आल्यास दुसऱ्या अध्यापकाचा निबंध काढून वाचायला बसावे.